कंट्रोलचा तांदूळ : भंडारा जिल्ह्याची सव्वाशे वर्षांची गोष्ट

"फुकटच्या तांदळानं लोक आळशी झाले. रोवणीला बाई भेटत नाही, धान कापायला माणूस भेटत नाही. बंद करा हे कंट्रोल."

हे वाक्य आपल्या जिल्ह्यात कुठंही ऐकायला मिळतं. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, साकोलीच्या एसटी स्टँडवर. बोलणाऱ्यात धानाचे शेतकरी असतात, मास्तर असतात, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या घरी स्वतःचं कार्ड आहे असेही असतात. मजुराची टंचाई खरी आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण "संकटात सरकारनं धान्य वाढवून दिलं की लोक बिघडतात" हे बोलणं काही मोदींच्या किंवा ठाकरेंच्या काळात सुरू झालेलं नाही. इंग्रजांच्या अहवालातही ते सापडतं. आणि दर वेळी ते ऐकल्यानंतर काय झालं, कोण उपाशी राहिलं, याचा हिशोब आपल्याच जिल्ह्यात मांडता येतो.

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

आधी 'कंट्रोल' या शब्दाचं बघू. पुण्या-मुंबईकडचा माणूस 'रेशन' म्हणतो. आपण म्हणतो, "कंट्रोलमध्ये तांदूळ आला का?" दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ यायचा बंद झाला, भाव भडकले आणि सरकारनं धान्याची खरेदी, वाहतूक, विक्री यावर नियंत्रण आणलं. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. आपण तेव्हा 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड'मध्ये होतो, राजधानी नागपूर. युद्ध संपलं, इंग्रज गेले, प्रांत बदलला, १९५६ ला मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी शब्द राहिला. आमच्या आजीला रेशन कार्ड म्हटलेलं कळायचं नाही. 'कंट्रोलचं पुस्तक' म्हटलं की ती ट्रंक उघडायची.

पण सरकारनं भुकेल्याला खाऊ घालायचं का, किती, आणि कोणत्या अटीवर, हा वाद कंट्रोलच्याही आधीचा आहे.

१८९७ आणि १९००

१८९६ साली आपल्या भागात पाऊस सुरुवातीला बरा झाला आणि ऑगस्टअखेर अचानक थांबला. धान उत्पादकाला याचा अर्थ सांगायला नको. हलका धान थोडाफार हाती लागतो, भारी धान बांधीत उभ्या उभ्या वाळतो. तलाव आणि बोड्या होत्या म्हणून काही गावं तगली, पण सगळ्यांच्या बांध्या तलावाखाली नव्हत्या. त्याआधीची काही वर्षंही पिकं कमजोरच होती, म्हणजे कोठ्या आधीच रिकाम्या होत्या.

दुसरीकडे रेल्वे आली होती. नागपूरहून भंडारा रोड, तुमसर रोड करत गाडी छत्तीसगडकडे जात होती आणि तांदूळ बाहेरच्या बाजारात जायला लागला होता. भाव वाढले की व्यापाऱ्याला फायदा. ज्याची कमाईच बुडाली त्याला मात्र समोरून जाणारं पोतं घेता येत नव्हतं. दुष्काळात धान्य नसतं म्हणून माणूस मरतो असं आपण समजतो. बहुतेक वेळा धान्य असतं, माणसाकडं ते घ्यायला पैसे नसतात. शेतमजुराचं तर पीक गेलं की काम गेलं आणि काम गेलं की जेवण गेलं.

इंग्रज सरकारचं तत्त्व होतं की फुकट द्यायचं नाही. खडी फोडा, रस्ता करा, तलाव खोदा, मग मजुरी घ्या. आधी 'चाचणी काम' काढायचं, त्यावर पुरेशी माणसं आली तर दुष्काळ आहे असं मानायचं. त्या वर्षी मध्य प्रांतात मदत उशिरा आणि तोकडी निघाली. परिणाम असा की १८९७ मध्ये प्रांतातलं मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या जवळपास दुप्पट झालं. भूक, पटकी, हिवताप, हगवण, सगळं एकत्र.

लगेच दोन वर्षांनी, १८९९ मध्ये पाऊस पुन्हा फसला. हा दुष्काळ आधीच्यापेक्षा मोठा होता. या वेळी प्रांताच्या सरकारनं हात सैल सोडला. कामं लवकर काढली. पावसाळा लागल्यावर जेव्हा खोदकाम शक्य नसतं आणि नवीन पीक यायला अजून तीन महिने असतात, त्या सगळ्यात वाईट काळात गावोगावी शिजवलेल्या अन्नाची अन्नछत्रं वाढवली. जुलै १९०० मध्ये मध्य प्रांतात २० लाखांहून जास्त माणसं सरकारी मदतीवर होती. म्हणजे लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा.

तरी १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ६३ हजार भरली. तेव्हाचा भंडारा म्हणजे आजचा गोंदियाही त्यात. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा सुमारे एक दशांशानं कमी होता. दोन दुष्काळांमधून जिल्हा असा बाहेर पडला.

आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगानं काय म्हटलं? १८९९-१९०० मधली मदत गरजेपेक्षा सैल होती असा ठपका ठेवला. मदत कमी पडली तेव्हा माणसं मेली, ती मेलेलीच राहिली. मदत वाढली तेव्हा ती जास्त झाली म्हणून विचारणा झाली. पानठेल्यावरचं ते वाक्य निदान एवढं जुनं आहे.

लेव्ही, मिलो आणि १९७२

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्य सतत कमी पडायचं. अमेरिकेतून पीएल-४८० चा गहू यायचा. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. धानाच्या जिल्ह्यांना मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू जास्त आठवते, ती म्हणजे लेव्ही. सरकार ठरवेल त्या भावानं ठरवेल तेवढा धान द्यायचा. वाहतुकीवर बंदी, नाक्यावर तपासणी. म्हाताऱ्या माणसांना विचारा, रात्री बैलगाडीत तणसाखाली पोती लपवून नेल्याच्या गोष्टी अजून सांगतात. शहरातल्या माणसाला स्वस्त तांदूळ मिळावा म्हणून इथल्या शेतकऱ्यानं सोसलं, हे विसरू नये.

१९७२ चा दुष्काळ मुख्यतः मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश इकडचा. तिथं सरकारनं दोन गोष्टी केल्या. रेशन दुकानातून धान्य, ज्यात लाल मिलो ज्वारी होती, जिची चव त्या पिढीला आजही नको वाटते. आणि दुसरी म्हणजे दुष्काळी कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं कामावर होती. कामावरच्या लोकांना सुकडी मिळायची. वि. स. पागे यांनी १९६५ पासून मांडलेली कल्पना त्यातून मोठी झाली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा आला. राज्यात एवढा मोठा दुष्काळ पडूनही १८९७ सारखं मरण झालं नाही. दुष्काळ तसाच होता. या वेळी काम मागायला येणाऱ्याला परत पाठवलं नाही, हा फरक होता.

१९०० आणि १९७२ मधली सारखी गोष्ट लक्षात ठेवा. अन्नछत्रात जो येईल त्याला वाढलं. कामावर जो येईल त्याला घेतलं. तुझं नाव कोणत्या यादीत आहे, असं कुणी आधी विचारलं नाही. पुढं सगळं इथंच बदललं.

१९९१ : संकटात आकसलेलं कंट्रोल

१९९१ मध्ये देशाकडं परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण ठेवायची वेळ आली. हे आर्थिक संकट आपल्या गावात दुष्काळासारखं दिसलं नाही, पण कंट्रोलच्या भावात दिसलं. केंद्र राज्यांना साधा तांदूळ ज्या भावानं द्यायचं तो १९९० च्या मध्यात किलोला २ रुपये ८९ पैसे होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो ५ रुपये ३७ पैसे झाला. चार वर्षांत जवळपास दुप्पट. मजुरी काही दुप्पट झाली नव्हती. कंट्रोल आणि बाजार यांच्या भावात फरकच उरला नाही, तर लोक कंट्रोलमध्ये कशाला जातील? मग म्हणायला मोकळे की लोक धान्य उचलत नाहीत, म्हणजे त्यांना गरज नाही.

जून १९९७ मध्ये सगळ्यांसाठी असलेली व्यवस्था मोडून दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे दोन भाग झाले. आपल्या राज्यात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. पिवळं, केशरी, पांढरं. योगायोग असा की त्याच दिवशी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. एकाच दिवशी जिल्ह्याची वाटणी आणि माणसांचीही वाटणी.

पिवळ्या कार्डाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार. त्यापुढं १ लाखापर्यंत केशरी. आता सांगा, विडी वळणाऱ्या बाईचं, पितळेची भांडी ठोकणाऱ्या कामगाराचं, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत ठेकेदाराकडं जाणाऱ्या मजुराचं उत्पन्न १५ हजार की १६ हजार, हे कोण आणि कसं ठरवणार? एका हजाराच्या फरकानं घर यादीबाहेर. जे गरीब नव्हते त्यांची नावं आत आणि गरिबांची बाहेर, हे प्रत्येक गावानं पाहिलं आहे. त्यासाठी अभ्यास अहवाल वाचायची गरज नाही.

मी शाळेत होतो तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. १९९५ साली सुरू झालेल्या योजनेत हजेरी ८० टक्के असेल तर. पोरं थैली घेऊन रांगेत उभी. तो तांदूळ घरी जाऊन सगळ्यांच्या ताटात जायचा, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पुढं २००१ मध्ये देशाच्या गोदामांत ५ कोटी टनांहून जास्त धान्य पडून होतं आणि दुष्काळी भागात लोक उपाशी होते. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानं शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं गेलं आणि तीन किलोच्या थैलीच्या जागी खिचडी आली. या खटल्याचा पुढचा टप्पा म्हणजे २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. आपल्या राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला.

या कायद्यानं मोठी गोष्ट केली. माणशी ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये, हा हक्क झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव. पण सोबत मर्यादाही घातली. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांपर्यंतच, एकूण ७ कोटी १६ हजारांच्या आसपास. हे आकडे २०११ च्या जनगणनेवरून काढलेले. तहसील कार्यालयात 'इष्टांक संपला' असं जे ऐकायला मिळतं, त्याचं मूळ इथं आहे.

२०२० चं भंडारा

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. नेहमीच्या ५ किलोशिवाय आणखी ५ किलो, तेही फुकट, आणि कार्डामागं एक किलो डाळ. आधी तीन महिने, मग नोव्हेंबरपर्यंत. २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत पुन्हा सुरू, आणि वाढवत वाढवत डिसेंबर २०२२ पर्यंत. एकूण २८ महिने.

आपल्याकडं तो काळ कसा होता ते आठवा. उन्हाळी धान बांधीत होता. मोहफुलं वेचायचा हंगाम, त्यानंतर तेंदूपत्ता. नागपूर, हैदराबाद, पुणे इकडं गेलेली पोरं परत आली, काही पायी. राष्ट्रीय महामार्गावरून भंडारा, लाखनी, साकोली करत छत्तीसगड, ओडिशा, झारखंडचे मजूर चालत जात होते. गावागावातल्या लोकांनी रस्त्यावर चुली मांडल्या, भात-वरण वाढलं. त्याला कुणी योजना म्हटलं नाही.

आणि मग ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वरून मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी, इकडं पाऊस. भंडारा शहरात, पवनीत, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. टाळेबंदीतून जेमतेम सावरलेल्या घरांत कोठीतला धान भिजला. त्या महिन्यांत कंट्रोलचा जादा तांदूळ नसता तर काय झालं असतं, हे ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला विचारा.

त्या वर्षी तीन थरांनी मदत वाढली.

पहिला थर, अंत्योदय आणि प्राधान्य कार्डं. त्यांना नेहमीच्या धान्याशिवाय माणशी आणखी ५ किलो.

दुसरा थर, यादीबाहेरचे केशरी कार्डवाले. एप्रिल २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि त्यांना माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळाला. छगन भुजबळ अन्न व नागरी पुरवठा मंत्री होते. राज्यात असे ३ कोटींहून जास्त लोक. १९९९ पासून 'तुम्ही गरीब नाही' म्हणून सांगितलेली ही माणसं. टाळेबंदीच्या तिसऱ्याच आठवड्यात सरकारला कळलं की यांच्याही घरात पीठ नाही.

तिसरा थर, ज्यांच्याकडं कार्डच नाही. मे २०२० मध्ये केंद्रानं सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिने माणशी ५ किलो जाहीर केलं.

याशिवाय शिवभोजन होतं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली थाळी टाळेबंदीत पाच रुपयांवर आणली आणि तालुक्यापर्यंत नेली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. २०२१ च्या एप्रिलपासून काही काळ ती फुकट होती. आणि एक बारीक पण मोलाची गोष्ट, ई-पॉस मशीनवर अंगठा लावायची सक्ती काही काळ सैल केली. ज्या म्हातारीचे ठसे रोवणी करून करून झिजले, तिला त्या महिन्यांत पहिल्यांदा विनासायास धान्य मिळालं.

सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. शेजारच्या बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राच्या पथकाला माणसानं खाण्यालायक नसलेला तांदूळ गोदामांत सापडला. चोरी, खराब तांदूळ, वजनात मार, हे सगळं आहे. पण १८९७ शी तुलना करून पाहा. एवढं मोठं संकट, एवढी माणसं बेकार, आणि जिल्ह्यात चूल पेटत राहिली. हे एका निर्णयानं झालं. संकटाच्या काळापुरती यादीची दारं उघडली.

मग जानेवारी २०२३

१ जानेवारी २०२३ पासून कायद्यातलं ५ किलो धान्य पूर्ण फुकट झालं. बातम्यांत मोठी घोषणा होती, पुढं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पाच वर्षांसाठी वाढवली. पण त्याच दिवशी जादाचं ५ किलो बंद झालं. हा हिशोब फार कमी लोकांनी मांडला, म्हणून मांडतो.

पाच माणसांचं प्राधान्य कुटुंब घ्या. कोविडआधी २५ किलो मिळायचं. सगळा तांदूळ धरला तरी ७५ रुपये लागायचे. कोविडमध्ये ५० किलो, त्यातलं २५ फुकट. जानेवारी २०२३ पासून २५ किलो, सगळं फुकट. म्हणजे घराचे ७५ रुपये वाचले आणि २५ किलो धान्य गेलं. तेवढा तांदूळ बाजारात समजा ३० रुपये किलोनं घेतला तर ७५० रुपये. वाचले ७५, लागले ७५०. तरीही लोकांच्या तोंडी एकच, की सरकार सगळं फुकट देतं.

धान्य देताना 'संकट आहे' असं म्हटलं की संकट संपल्याचं ठरवायचा हक्कही देणाऱ्याकडंच राहतो. हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत फूड स्टँपची योजना १९३९ मध्ये मंदीच्याच काळात सुरू झाली, त्यांच्याकडंही शेतमाल पडून आणि माणसं बेकार अशी स्थिती होती. २००९ च्या मंदीत तिथं मदत वाढवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती वाढ काढून घेतली. कोविडमधली जादा मदतही २०२३ च्या सुरुवातीला संपली. श्रीमंत देश असो की गरीब, तात्पुरतं दिलेलं परत घेणं सोपं असतं. कायद्यात लिहिलेलं घेणं अवघड.

आता आपला प्रश्न

आजचं खरं दुखणं किलोपेक्षा यादीचं आहे. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या थोडी वर होती. त्यानंतर जन्मलेली पोरं आता आठवी-नववीत गेली. लग्न होऊन आलेल्या सुना, वेगळे निघालेले भाऊ, शहरातून कायमचे परतलेले मजूर, यांची नावं जोडायला गेलं की उत्तर येतं, इष्टांक नाही. कुणाचं नाव कमी झालं तरच दुसऱ्याचं जोडणार. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजारांची मर्यादा आहे, शहरात ५९ हजार. ४४ हजार म्हणजे महिन्याला ३,७०० रुपयेही नाही. घरातल्या एकानं नियमित मजुरी केली तरी ही रेषा ओलांडली जाते. त्यात आता ई-केवायसी. बाहेरगावी कामाला गेलेला माणूस, ठसे न उमटणारी म्हातारी, आधारवर नाव चुकलेली मुलगी, ही सगळी पुन्हा टांगणीला.

मग येतो तो आक्षेप, "लोक कंट्रोलचा तांदूळ विकतात." हो, काही विकतात. ज्या घरात तांदूळ आहे पण तेल, डाळ, औषधाला पैसा नाही ते घर काय करणार? आणि एक विचारतो, घरोघर फिरून तो तांदूळ घेणारा कोण? तो पुढं कुठं जातो? विकणाऱ्या बाईवर बोट दाखवणं सोपं आहे, पोत्यांनी गोळा करणाऱ्यावर कुणी बोलत नाही.

आणि धान पिकवणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या आधारभूत केंद्रावर २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. हा धान मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळ घेतं, राईस मिलमध्ये भरडाईला जातो, एक क्विंटलमागं ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यावा लागतो. तो तांदूळ सरकार कुठं देतं? कंट्रोलमध्ये. लेव्हीच्या काळात कंट्रोल आणि शेतकरी आमनेसामने होते. आज कंट्रोल हे आपल्या धानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. "बंद करा हे कंट्रोल" म्हणताना एवढा विचार करा की मग आपला धान कोण घेणार, आणि व्यापारी काय भाव देणार. केंद्र उशिरा उघडतं तेव्हा काय भावानं विकावा लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

१ मार्च २०२७ ही तारीख धरून पुढची जनगणना जाहीर झाली आहे. कायद्याच्या कलम ९ प्रमाणं प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवरून लाभार्थ्यांची संख्या ठरते. म्हणजे आत्ता होणारी मोजणी पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्या गावाचं कंट्रोल ठरवेल. रोवणीला, वीटभट्टीवर, बाहेरगावी गेलेल्या घरांची नोंद सुटली तर ती सुटलेलीच राहील.

म्हणून तीन कामं सुचवतो. मोजणीला माणसं येतील तेव्हा मोहल्ल्यात कुणाचं घर सुटलं का ते बघा. ग्रामसभेत कंट्रोलची यादी मोठ्यानं वाचायला लावा, कायद्यानं ती उघड असायला हवी आणि गावात दक्षता समिती असायलाच हवी. ती कधी बसली ते विचारा. आणि इष्टांक नाही म्हणून परत पाठवलेल्यांचे अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकाराची नोंद कुठंच राहत नाही आणि वर कागद गेला नाही तर मुंबईला वाटतं भंडाऱ्यात सगळं ठीक आहे.

पुढचं संकट येणारच. पूर असेल, मंदी असेल, आजार असेल. त्या वेळी दारं उघडावी लागतीलच. आज यादीत जितकी जास्त खरी माणसं असतील, तितका कमी वेळ त्या वेळी वाया जाईल.

तुमच्या गावात किती नावं इष्टांकासाठी अडकून आहेत ते कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि फक्त आकडा लिहा, कुणा माणसाचं नाव किंवा कार्ड नंबर टाकू नका. आकडे जमले की तालुकावार मांडून तहसीलला एकत्र निवेदन देऊ.